भांडण असावं, पण...

मैत्रिणींनो, आमच्या खामगावात कुणाच्या घरी सासू-सुनेचं बिनसलं की मंडळातल्या आम्हा बायकांना बोलावणं येतं. पण २०२३च्या मार्चमध्ये भांडण माझ्याच घरात पेटलं, तेही फुटबॉलवरून! माझा धाकटा लिव्हरपूलवाला, तर जाऊबाईंचा मुलगा मँचेस्टर युनायटेडचा. टी-शर्ट दोघांचेही लालच. धुतल्यावर कोणता कुणाचा, हे मला आजही पटकन कळत नाही.

त्या रविवारी रात्री लिव्हरपूलने युनायटेडला ७-० असं धुतलं. धाकट्याने ताट वाजवून घर डोक्यावर घेतलं. पुतण्या चिडून इंग्रजीत काहीतरी बोलला, धाकट्याने तसंच उत्तर दिलं आणि एकदम हातघाईच! चार दिवस भावाभावांचा अबोला. त्यांच्यापायी आम्हा जावांचं बोलणंही भाजी-पोळीपुरतं उरलं.

शेवटी लेकीला विचारलं, "बाई गं, हे प्रकरण आहे तरी काय?" तिने सांगितलं आणि मी चाटच पडले. भांडणाच्या मुळाशी निघाला चक्क कापूस!

लिव्हरपूल हे बंदर आणि मँचेस्टर हे कापडगिरण्यांचं शहर. मधलं अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. कापूस लिव्हरपूलला उतरायचा, कापड मँचेस्टरला व्हायचं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसालाही मुंबईमार्गे तिकडून मोठी मागणी आली. १८७० साली आमच्या खामगावला रेल्वेचा फाटा आला, तोही या कापसासाठीच. पुढे लिव्हरपूल बंदराचे कर मँचेस्टरवाल्यांना जाचू लागले. त्यांनी सुमारे ५८ किलोमीटरचा कालवा खणून जहाजं थेट आपल्या दारात आणली. १ जानेवारी १८९४ला तो कालवा सुरू झाला आणि त्याच एप्रिलमध्ये दोन्ही क्लब पहिल्यांदा भिडले. युनायटेडचं नाव तेव्हा न्यूटन हीथ होतं. लिव्हरपूलने २-० असं हरवून त्यांना खालच्या गटात ढकललं. बांधावरून लागलेलं भांडण कसं नातवंडांपर्यंत जातं, तसंच हे!

इथवर मला हसूच येत होतं. पण मुलं एकमेकांना काय बोलली ते कळलं आणि हसू पळालं.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला विमान अपघातात २३ माणसं गेली, त्यात युनायटेडचे ८ खेळाडू होते. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचे प्रेक्षक गर्दीत चेंगरले. त्या दुर्घटनेतल्या मृतांचा आकडा आज ९७ आहे. या मरणांवरून तिकडचे काही प्रेक्षक एकमेकांना डिवचतात. आमच्या पोरांनी तेच उचललं होतं.

त्या रात्री जेवताना मी दोघांना अ‍ॅन विल्यम्सची गोष्ट सांगितली. तिचा पंधरा वर्षांचा केविन हिल्सबरोला गेला. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवरच ढकलला. चौकशीत ठरवलं गेलं, की सव्वातीननंतर कुणाला वाचवणं शक्यच नव्हतं. पण चारच्या सुमारास केविनच्या तोंडून 'आई' असा शब्द आला, असं एका महिला पोलिसाने सांगितलं होतं. त्या एका शब्दासाठी ही बाई वीस वर्षांहून जास्त काळ लढली. डिसेंबर २०१२ मध्ये 'अपघाती मृत्यू' हा जुना निकाल कोर्टाने रद्द केला, तेव्हा कॅन्सरने खंगलेली अ‍ॅन तिथे हजर होती. एप्रिल २०१३ मध्ये ती गेली. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हा निर्णय आला २०१६ साली. तो ऐकायला ती नव्हती.

"आता सांगा, त्या रात्री तुम्ही कुणाला हसलात?" मी विचारलं. दोघांच्या माना खाली. जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग पुतण्याच हळूच म्हणाला, "काकू, म्युनिकला जबर जखमी झालेले आमचे मॅनेजर मॅट बसबी आधी लिव्हरपूलचे कप्तान होते." धाकटा म्हणाला, "आणि त्या मॅचआधी दोन्ही मॅनेजरांनी मिळून सांगितलं होतं, की मरणावरून डिवचू नका." म्हणजे माहीत सगळं होतं, रागात विसरली होती!

भांडण काही मिटलं नाही, मिटायलाही नको. २०२५ मध्ये लिव्हरपूलने विसावं विजेतेपद मिळवून युनायटेडशी बरोबरी केली, तेव्हा ताट पुन्हा वाजलं. पुतण्याने उशी फेकून मारली. पण एक नियम आता घरात पक्का आहे. हरण्यावरून वाट्टेल तेवढं चिडवा, मेलेल्या माणसांचं नाव काढायचं नाही.

खरं सांगू? हा नियम आम्हा मोठ्यांनाही लागू पडतो. जावा-जावांच्या भांडणात आपणही कधीकधी एकमेकींच्या माहेरची मेलेली माणसं उकरून काढतोच ना?