पाणी कुठे मुरते?

‘पाणी कुठेतरी मुरतंय’ असे आपण सहज म्हणतो. ते नेमके कुठे मुरते हे कसे शोधायचे, ते मला मारतहळ्ळीतल्या आमच्या घराच्या गच्चीने शिकवले.

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरूमध्ये एका रात्रीत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या जवळचा आउटर रिंग रोड पाण्याखाली गेला. काही वस्त्यांतून लोकांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले. आमच्या घरात रस्त्यावरचे पाणी शिरले नाही, पण छतातून आले. चार दिवसांनी आजीच्या खोलीतला परातीएवढा गिलावा तिच्या पलंगावर कोसळला. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा बाबा छताला रंग देण्याच्या तयारीत होते. आजी म्हणाली, “गडहिंग्लजला आपण मृगाआधी कौलं शाकारायचो. खालून रंग लावून गळती थांबते होय रे?”

आजीचे बरोबर होते. कौलांवरून पाणी लगेच ओघळते, सपाट गच्चीवर ते थांबते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आमची गच्ची ८० चौरस मीटरची, म्हणजे त्या रात्री तिच्यावर १०,००० लिटरहून अधिक पाणी पडले. ते वाहून नेायला पाइप दोनच, आणि त्यातला एक पालापाचोळ्याने तुंबलेला!

मेस्त्रींनी आधी छत हातोडीने हलके ठोकून पाहिले. जिथे बद्द आवाज आला, तिथला सुटलेला गिलावा काढून टाकला. आतली सळई उघडी पडली नव्हती, हे आमचे नशीब. पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. सळई दिसू लागली, तर आधी इंजिनिअरलाच बोलवावे.

मग आम्ही टेहळणी केली. छताच्या ओलीभोवती खडूने रेघ मारली. वर पाइपाचे तोंड पोत्याने बंद केले, गच्चीच्या एका भागाला मातीचा बांध घालून इंचभर पाणी भरले आणि २४ तास ठेवले. पहिल्या भागात काही झाले नाही. दुसऱ्या भागात पाणी भरल्यावर मात्र ओल रेघेबाहेर सरकली. भेग पलंगाच्या वर नव्हतीच. ती सहा फूट लांब, गच्ची आणि कठडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात होती. पाणी वरच्या थरातून सरकत आजीच्या खोलीपर्यंत आले होते.

बेंगळुरूत ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस असतो. म्हणून तेव्हा फक्त पाइप साफ केले आणि भेगेवर ताडपत्री टाकली. पक्के काम जानेवारीत, गच्ची पूर्ण वाळल्यावर झाले. भेग खरवडून रुंद केली, धूळ काढली, खास मसाल्याने भरली. कठड्याच्या कडेने गोलसर वाटा केला. जिथे पाणी साचत होते, तिथे पाइपाकडे दर १० फुटांना सव्वा इंच उतार दिला. सात दिवस पाणी मारले. ते वाळल्यावर जलरोधक लेपाचे दोन हात दिले, पहिला आडवा, दुसरा उभा. आजीच्या खोलीतला गिलावा आणि रंग सर्वांत शेवटी.

यंदाच्या पावसात छत कोरडे राहिले आणि आजीचा पलंग पुन्हा आपल्या जागी आला. आता जोराचा पाऊस पडून गेला, की बाबा आधी गच्चीवर जाऊन पाइपाची तोंडे पाहतात. सुट्टीत घरी असलो, की ते काम माझे.