जुन्या पद्मिनीत नवे इंजिन? आधी ब्रेक पाहा, मग कागद पाहा

रोडपाली-कळंबोली भागात एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली जुनी पद्मिनी उभी दिसली की कुणीतरी म्हणतेच, "इंजिन बदलून टाका ना, पळेल!" सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. कळंबोलीचा लोखंड बाजार शेजारीच, लेथवाला आणि वेल्डिंगवाला हाकेच्या अंतरावर. सामान मिळेल, मिस्त्रीही मिळेल. पण वाचकहो, चेनकुप्पी लावण्याआधी चार गोष्टी ध्यानात घ्या.

कल्पना तशी नवी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९८५ साली ११८ एनई काढली. तिची बॉडी साठच्या दशकातल्या फियाट १२४ ची, तर इंजिन निसानचे, ११७१ सीसीचे. नव्वदच्या दशकात अॅम्बॅसिडरलाही इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन बसले. पण कारखान्याने गिअरबॉक्सपासून फौंडेशनपर्यंत सगळा मेळ घातला आणि सरकारची मंजुरी घेतली. घरी हे सगळे तुमच्याच गळ्यात.

पहिली गोष्ट, मापे. पद्मिनीची मागची चाके ओढतात. मारुती ८०० चे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते, म्हणून ते इथे सरळ बसत नाही. ओम्नी किंवा जिप्सीचे इंजिन उभे असते, म्हणून मिस्त्री तिकडे वळतात. तरीही ऑईल पॅन स्टिअरिंगला अडते का, रेडिएटर पुरतो का, हे आधी मोजावे लागते. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. फौंडेशनचे वेल्डिंग गंजलेल्या पत्र्यावर मारले तर ते फाटायला वेळ लागत नाही. प्रोपेलर शाफ्ट कापला तर बॅलन्सिंग केलेच पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते आणि क्रॉस तुटतो. इंजेक्शनचे इंजिन असेल तर पंप, परतीची नळी, वायरिंग आणि कॉम्प्युटर एकाच गाडीतून काढून आणा.

दुसरी गोष्ट, ब्रेक. जुन्या पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. जिप्सीचे इंजेक्शनवाले इंजिन त्याच्या जवळपास दुप्पट ताकद देते. जुन्या गाडीला चारही चाकांना ड्रम. सायन-पनवेल रस्त्यावर गाडी पळेल, पण थांबेल का? आधी थांबायची सोय करा, मगच पळायची.

तिसरी गोष्ट, कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. पासिंगला इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी तिथेच अडकते. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. दुसऱ्याच्या दवाखान्याचा खर्च मग तुमच्या जमिनीवर येईल. त्याच मेकचे, तशाच क्षमतेचे इंजिन टाकायचे असले तरी आधी आरटीओची लेखी परवानगी घ्या.

चौथी गोष्ट, गाडीचे मोल. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. आजोबांची सत्तरच्या दशकातली गाडी आज त्या वयात आली आहे. इंजिन बदलले की ती वाट बंद.

मग करायचे काय? मूळ इंजिन उघडा, पिस्टन-रिंग पाहा, हेड घासून घ्या, क्लचप्लेट बदला. नवेच हवे असेल तर बॅटरीची वाट कायद्याने खुली आहे, मात्र किट मान्यताप्राप्त संस्थेने पास केलेले हवे आणि ते अधिकृत केंद्रातच बसवून घ्यावे लागते. पुण्याची एआरएआय अशी तपासणी करते. तेही नको असेल तर गाडी आहे तशी जपा. तिचे जुने इंजिन काढून भंगारात टाकण्याआधी मात्र एकदा आरटीओची पायरी चढा. तिथे मिळालेला नकार पुढच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो.