बंदुकीच्या सावलीतला दवाखाना

ऑक्टोबर २०२५मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. माओवादी आणि पोलीस यांच्यातल्या या संघर्षाचा हिशेब चकमकींत मांडला गेला. त्या काळात तापाने फणफणलेल्या, बाळंतपणात अडलेल्या माणसांकडे कोणी पाहिले, हे फारसे विचारले गेले नाही.

युद्धभूमीवर वैद्यकीय पथके येतात, परततात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि तिथेच राहिले; १९४२मध्ये वारले तेही तिथेच. टिकणारी सेवा राहणाऱ्यामुळेच उभी राहते.

गडचिरोलीतल्या भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले, माडिया बोली शिकले. नक्षलवादी १९८०च्या सुमारास आले. पुढचे दशक सर्वांत कठीण गेले. गावकऱ्याने एका बाजूला भाकर दिली तर दुसरी बाजू दारात उभी. पावसात नद्या फुगल्या की रस्ता बंद. रुग्ण यायचा तो खाटेच्या कावडीवरून, रानवाटा तुडवत. अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस कंदिलाच्या उजेडात टाके घालून घ्यायचा. भूल द्यायला मंदाकिनीताई. दवाखान्याच्या दारात रुग्णाला पक्ष विचारला गेला नाही, म्हणून दार उघडे राहिले.

याच जिल्ह्यात, याच दशकात, १९८६मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवले. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर २५वर आला. डॉक्टर अडकला तरी ही आरोग्यदूत गावातच असते. संघर्षाच्या भागात याहून भरवशाची सोय नाही.

तेव्हा सरकारी खात्यात गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा. नाराज माणूस पाठवायचा, तो रजेवर जायचा आणि कुलूप लागायचे आदिवासीच्या दवाखान्याला. हा अन्याय बंदुकीने केलेला नव्हता.

कोकणात कशेडी घाटाच्या पायथ्याशी युद्ध नव्हते, तरी डोंगरवाडीतून रुग्ण डोलीतच उतरायचा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये बिरवाडीला रुजू झाले, पुढे पोलादपूरला होते. लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरताना पाहून त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरले; गंभीर रुग्णांतले मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्यावर आले. त्याच भागात, महाडला राहिल्यामुळे पुढची कित्येक वर्षे त्यांना हे रुग्ण तपासता आले.

आता कशेडीला बोगदा झाला, भामरागडच्या नद्यांवर पूल आले. रस्त्याने डॉक्टर पोहोचतो. तो राहावा म्हणून घर, मुलांची शाळा आणि मनाजोगी नेमणूक लागते. शासनाने भामरागडची बदली शिक्षा म्हणून देणे आता तरी थांबवावे.