ताकद घटली, ओढ वाढली
स्पोर्ट टूरर म्हणजे घाटात चपळ आणि दिवसभराच्या प्रवासात अंग न आंबवणारी मोटारसायकल. कावासाकीची निन्जा ११००एसएक्स त्याच जातीची. आधीच्या मॉडेलचं १,०४३ सीसी इंजिन आता १,०९९ सीसीचं झालं. कमाल ताकद मात्र १४२ वरून १३६ पीएसवर आली. म्हणून नाराज होऊ नका. रोजच्या वेगाला उपयोगी पडतो तो टॉर्क, आणि तो वाढून ११३ न्यूटन मीटर झाला आहे. वळणातून बाहेर पडताना गिअर न उतरवता नुसती मूठ पिळली, की गाडी ओढ घेते. पाचवा-सहावा गिअर लांबवल्याने हायवेवर इंजिन निवांत फिरतं. पुढची काच मात्र हातानेच वरखाली करावी लागते. एवढ्या महागड्या गाडीत ते खटकतं. सीट ८३५ मिलिमीटर उंच आहे, तेव्हा घेण्याआधी बसून पाय नीट टेकतात का ते पाहा.