सहकाराचे शिल्पकार (भाग ३) : डेलिचचा न्यायाधीश

मागच्या भागात रॉचडेलच्या विणकरांचे दुकान पाहिले. तिथे सगळा व्यवहार रोखीचा होता. पण कच्चा माल आणायलाच ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्या कारागिराने काय करायचे? या प्रश्नाला जर्मनीत हात घातला तो एका न्यायाधीशाने.

हेर्मान शुल्झे यांचा जन्म १८०८चा, सॅक्सनीतल्या डेलिच या लहानशा गावातला. कायद्याचे शिक्षण लायप्झिग आणि हाले इथे घेऊन ते १८४१मध्ये गावीच न्यायाधीश झाले. १८४६-४७च्या दुष्काळात त्यांनी मदत समिती उभारली, धान्य मिळवून गरिबांना पाव पुरवला. १८४८मध्ये ते प्रशियाच्या राष्ट्रीय सभेवर निवडून गेले. तिथे शुल्झे आडनावाचे इतके सदस्य होते की यांनी गावाचे नाव आडनावाला जोडून घेतले. आपल्या विधिमंडळातल्या पाटलांसारखाच प्रकार! कारागिरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. यंत्रमालापुढे टिकाव न लागणाऱ्या कारागिरांची गाऱ्हाणी तिथे त्यांच्यासमोर आली.

राजाने सभा गुंडाळायला घेतली तेव्हा तिने कर न भरण्याचा ठराव केला. शुल्झे त्यात सामील होते. खटला झाला, १८५०मध्ये ते निर्दोष सुटले; पण सरकारने त्यांची बदली दूर पोझेन प्रांतात केली. १८५१मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सरकारने एक न्यायाधीश गमावला, सहकाराला पूर्णवेळ कार्यकर्ता मिळाला.

त्याआधीच, १८४९मध्ये, डेलिचच्या जोडे बनवणाऱ्यांनी त्यांच्या पुढाकाराने एकत्र येऊन घाऊक भावात चामडे घ्यायला सुरुवात केली होती. १८५०मध्ये कर्ज देणारी मंडळी निघाली. तिचे सुरुवातीचे भांडवल बरेचसे सधन लोकांच्या देणग्यांतून आले होते. शेजारच्या आयलेनबुर्गमध्ये त्याच वर्षी डॉ. बर्नहार्डी यांनी काढलेली मंडळी मात्र वेगळी होती. तिथे कर्ज घेणारे स्वतःच सभासद होते आणि मंडळीच्या देण्याला सगळे मिळून जबाबदार होते. शुल्झे यांनी १८५२मध्ये आपली मंडळी त्याच धर्तीवर नव्याने बांधली. दुसऱ्याची चांगली युक्ती उचलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

या युक्तीत मर्म होते. एकट्या सुताराला कोणी उसने देत नव्हते. पण शंभर जणांनी आपापली सगळी मालमत्ता एकमेकांसाठी जामीन ठेवली, म्हणजेच अमर्यादित जबाबदारी घेतली, की त्या शंभरांवर ठेवीदार विश्वास टाकत. सभासदाने हप्त्याहप्त्याने आपला भाग (शेअर) पुरा करायचा, कर्ज थोड्या मुदतीचे घ्यायचे; कारण ठेवीही थोड्या मुदतीच्या. आणि जामीन आपण स्वतः असल्याने शेजाऱ्याच्या उधळपट्टीवर सभासदांची नजर असे. १८५९मध्ये वायमार इथे अशा मंडळ्यांची पहिली परिषद भरली. १८६७मध्ये प्रशियाने सहकारी संस्थांचा कायदा केला, तोही मुख्यतः त्यांच्याच प्रयत्नाने.

सरकारी मदत मात्र त्यांना नको होती. इथेच समाजवादी नेते फर्डिनांड लासाल यांच्याशी खटका उडाला. कारखान्यातल्या मजुराची मजुरी पोटापुरतीच, तो बचत कशातून करणार? उत्पादक संघांना राज्यानेच भांडवल द्यावे, असे लासाल यांचे म्हणणे. १८६४मध्ये त्यांनी शुल्झेंवर एक झोंबरे पुस्तकच लिहिले. मजुरांपुरता लासाल यांचा प्रश्न बिनतोड होता: शुल्झेंच्या बँका ज्याच्याकडे निदान हत्यारे आणि दुकान होते त्याच्या कामी आल्या, ज्याच्याकडे फक्त हात होते त्याच्या फारशा आल्या नाहीत. उलट राज्याने पैसा दिला की राज्याची माणसेही संस्थेत येतात, ही शुल्झेंची भीती महाराष्ट्रातल्या वाचकाला पटवून द्यायला नको.

२९ एप्रिल १८८३ रोजी पॉट्सडॅममध्ये शुल्झे-डेलिच वारले. भारतात १९०४चा सहकारी पतसंस्था कायदा झाला, तेव्हा शहरी संस्थांसाठी त्यांचाच नमुना समोर होता. आजच्या नागरी सहकारी बँकांचे मूळ तिथे आहे. गंमत अशी, की त्यांच्या पद्धतीचा कणा असलेली अमर्यादित जबाबदारी त्या कायद्याने शहरी संस्थांना ऐच्छिक ठेवली, सक्तीची केली ती ग्रामीण संस्थांना. ग्रामीण नमुना होता रायफायझन यांचा. या दोघांचे अजिबात पटले नाही; ते भांडण पुढच्या आठवड्यात.