चाल सुचते की लावली जाते?

संगीतकार स्वतःच्या गाण्याबद्दल, स्वतःच्या निर्मितीबद्दल काय बोलतात, आणि त्या बोलण्याचं आपण ऐकणाऱ्यांनी काय करायचं, हा आजचा विषय. आधीच सांगून टाकतो, मी गाण्यातला माणूस नाही. पेटीवर एक बोट ठेवून सरगम काढता येते, तेवढीच माझी मजल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यात सौंदर्यशास्त्राचा पेपर असायचा, म्हणून या वाटेनं थोडं फिरणं झालं. पण आजचं बोलणं त्या पेपरमुळं नाही. ते एका मुलामुळं आहे.

हा मुलगा इथला, विट्याजवळच्या एका खेड्यातला. स्पर्धा परीक्षेसाठी तत्त्वज्ञान समजून घ्यायला माझ्याकडं यायचा. गावच्या भजनी मंडळात पेटीवर बसतो आणि कवितांना चाली लावतो. एक दिवस म्हणाला, “सर, मी ते चालीबिलीचं सोडून दिलं.” म्हटलं, का रे बाबा? तर म्हणाला, “मोबाइलवर सगळ्यांच्या मुलाखती बघतो. कुणाला पाच मिनिटांत चाल सुचते, कुणाला गाडीत बसल्या बसल्या. मला एका कवितेला तीन-तीन आठवडे लागतात. म्हणजे माझ्यात ते नाहीच.”

मी त्याला प्राध्यापकी उत्तर दिलं. कलावंताच्या स्वतःबद्दलच्या बोलण्याला फार महत्त्व द्यायचं नसतं, कलाकृतीकडं बघायचं, वगैरे. उत्तर शास्त्राला धरून होतं आणि त्या पोराच्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं. तो “हो सर” म्हणाला आणि उठून गेला. मला मात्र ते लागून राहिलं. मग मी स्वतःच त्या मुलाखती ऐकायला बसलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती भाषेची. आपण मराठीत म्हणतो, “मला चाल सुचली.” आणि आपणच म्हणतो, “मी चाल लावली.” दोन्ही वाक्यं नीट बघा. “मला सुचली” यात मी कर्ता नाही. मला भूक लागते, मला झोप येते, मला आठवण होते, त्याच जातीचं हे वाक्य. काहीतरी घडतं आणि ते माझ्यापाशी येऊन पोचतं. “मी लावली” यात मात्र मी पुरता कर्ता आहे. रोप लावतो, दार लावतो, तशी चाल लावतो. शास्त्रीय संगीतात तर ‘बंदिश’ असा शब्दच आहे. ती बांधायची असते. आणि गंमत म्हणजे एकच संगीतकार, एकाच मुलाखतीत, एकाच गाण्याबद्दल ही दोन्ही वाक्यं बोलतो आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही.

या घोटाळ्याला इतिहास आहे. प्लेटोनं सॉक्रेटिसच्या तोंडी एक कैफियत घातली आहे. त्यात सॉक्रेटिस सांगतो की मी कवींकडं गेलो, त्यांच्याच कवितांचा अर्थ विचारला, आणि आजूबाजूला उभी असलेली माणसं त्यांच्यापेक्षा बरं सांगू शकली असती. त्यानं निष्कर्ष काढला की हे लोक ज्ञानानं लिहीत नाहीत, अंगात आल्यासारखे लिहितात. दुसऱ्या टोकाला अमेरिकन कवी एडगर ॲलन पो. त्यानं 1846 साली निबंध लिहून आपली एक गाजलेली कविता गणितासारखी, पायरी-पायरीनं कशी रचली ते सांगितलं. त्याच्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही, माझाही बसत नाही.

पण सगळ्यात बोलकी गोष्ट मोझार्टची. मोझार्ट 1791 साली गेला. 1815 मध्ये लायपझिगच्या एका संगीत नियतकालिकात त्याचं म्हणून एक पत्र छापून आलं. अख्खी रचना आपल्या मनात एकदम उभी राहते, नंतर फक्त उतरवून काढायची असते, असा त्याचा आशय. शंभर वर्षांहून जास्त काळ लोकांनी, त्यात मोठमोठ्या मानसशास्त्रज्ञांनीही, प्रतिभा म्हणजे काय हे सांगताना त्या पत्राचा आधार घेतला. आज अभ्यासक ते बनावट मानतात. मोझार्टचे कच्चे आराखडे सापडलेत, अर्धवट टाकलेल्या रचना सापडल्यात. आणि 1785 मध्ये त्यानं हायडनला सहा रचना अर्पण केल्या, त्या अर्पणपत्रिकेत तो स्वतः सांगतो की हे दीर्घ आणि कष्टाच्या कामाचं फळ आहे. खरं पत्र कष्टाचं होतं, खोटं पत्र सुचण्याचं होतं, आणि जगानं खोटं उचललं. का उचललं? कारण आपल्याला तेच ऐकायचं होतं.

आपल्याकडंही तेच चालतं. सूत्रसंचालक विचारतो, “ही चाल तुम्हाला कशी सुचली?” प्रश्नातच उत्तर कोंबलेलं आहे! ती सुचलीच असणार, फक्त कशी ते सांगा. मग तो बिचारा संगीतकार तीस वर्षांपूर्वीची एखादी पावसाळी संध्याकाळ आठवतो.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. ग. दि. माडगूळकर आपले, शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवर 1955 च्या रामनवमीला सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक असं चालत छप्पन गाण्यांपर्यंत गेलं. संगीत सुधीर फडक्यांचं. पहिल्या गाण्याचा कागद ऐन वेळी हरवला आणि सीताकांत लाड यांनी माडगूळकरांना खोलीत कोंडून ते पुन्हा लिहून घेतलं, ही आठवण आपण सगळ्यांनी ऐकलेली. आपण ती ‘काय प्रतिभा!’ म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंच दिसतं. शुक्रवार जवळ आलाय, गाणारी माणसं येऊन बसलीत, गाणं कोणत्या पात्राच्या तोंडी आहे ते ठरलंय, गळा कोणाचा तेही ठरलंय. म्हणजे चाल ‘सुचण्या’आधीच तिच्या चारी बाजूंना कुंपण घातलेलं आहे. आठवड्याच्या आत सुचलंच पाहिजे अशी ज्याची सवय झालेली असते, त्याला सुचतं. ही सवय काय आकाशातून पडते? फडक्यांचं ‘जगाच्या पाठीवर’ हे अपुरं राहिलेलं आत्मचरित्र वाचा. चालींच्या जन्मकथा शोधायला जाल तर निराश व्हाल. तिथं आहे ती वणवण आणि पोटाची भूक.

मग संगीतकारांच्या बोलण्यात उपयोगाचं काही नसतंच का? असतं, भरपूर असतं. फक्त ते सुचण्याच्या गोष्टीत नसतं, बांधण्याच्या गोष्टीत असतं. यशवंत देवांचं ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तक घ्या. देव 2018 साली गेले. आयुष्यभर कार्यशाळा घेऊन ते हेच सांगत राहिले की भावगीतात शब्द आधी. हे तत्त्व म्हणून गुळगुळीत वाटेल. करून बघा. “आलास?” एवढा एकच शब्द घ्या. आई दारात उभी राहून म्हणते, तेव्हा तो वर जातो आणि लांबतो. रात्री उशिरा आलेल्या पोराला बाप म्हणतो, तेव्हा तो खाली येऊन आपटतो. रुसलेलं माणूस म्हणतं, तेव्हा तो जिथल्या तिथं राहतो. म्हणजे शब्दाला बोलण्यातच एक चढउतार आहे. संगीतकारानं तो ऐकला नाही, तर बापाच्या शब्दाला आईची चाल लागते. तसंच ऱ्हस्व-दीर्घाचं. ‘कमळ’ मधला ‘क’ ताणला की ते ‘कामळ’ होतं, आणि ऐकणाऱ्याचं मन घोंगडीकडं जातं. हे ज्ञान शिकवता येतं, तपासता येतं. सॉक्रेटिसला जे कवी भेटले नाहीत, तसे हे देव.

दुसरे कुमार गंधर्व. 1948 च्या सुरुवातीला ते देवासला आले ते क्षयरोग घेऊन. पाचेक वर्षं गाणं बंद. गायकाला गायची बंदी म्हणजे काय, याची कल्पना करा. अंथरुणावर पडून ऐकणं तेवढं उरलं, आणि कानावर येत होती माळव्यातली लोकगीतं. त्यातून पुढं मालवती, सहेली तोडी, मघवा, लगनगंधार असे राग आले. त्यांना त्यांनी ‘धुनउगम’ म्हटलं, आणि 1965 च्या ‘अनूपरागविलास’ मध्ये बंदिशी स्वरलिपीसकट मांडल्या. त्यांची भूमिका साधारण अशी की राग कुणी टेबलाशी बसून तयार करत नाही, तो लोकधुनेत बीजासारखा असतो. धून चार-पाच स्वरांत फिरते, पण कुठं थांबायचं, कुठल्या स्वराला कुठल्या बाजूनं शिवायचं, हे तिचं पक्कं असतं. ते ओळखायचं आणि वाढवायचं.

बघा, इथं ‘सुचणं’ही नाही आणि ‘लावणं’ही नाही. तिसरंच क्रियापद आहे, सापडणं. सापडण्यासाठी आधी काहीतरी बाहेर असावं लागतं आणि शोधणारा कान तयार असावा लागतो. मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं. पण तेही पूर्ण नाही. याच कुमारांनी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं ‘गांधी मल्हार’ केला. तिथं आधी आली ती एका माणसाची प्रतिमा. स्वतःच्या सिद्धान्ताबाहेर जायला त्यांची ना नव्हती. असावीच का?

सांगलीत जन्मलेले हृदयनाथ मंगेशकर ‘भावसरगम’ कार्यक्रमात गाण्यामागच्या गोष्टी सांगतात. त्यात किस्से असतात, लोक हसतात, टाळ्या देतात. मी मात्र ते या गाण्यात कुठल्या रागाचा, कुठल्या चिजेचा धागा आहे ते गाऊन दाखवतात तिथं कान टवकारतो. स्वतःचं उसनं दाखवायला धीर लागतो. आणि अजय-अतुल यांच्याबद्दल मला एक कुतूहल आहे. संगीताचं रीतसर शिक्षण नसलेले हे दोघे भाऊ ‘जोगवा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवतात, ‘सैराट’चा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला रस आहे तो ते दोघे असण्यात. एकटा माणूस मनातल्या मनात चाल खोडतो, कुणाला कळत नाही, पुढं त्याला स्वतःलाही आठवत नाही. दोघांना मात्र एकमेकांना “नको” असं तोंडानं म्हणावं लागतं. ते ‘नको’ ऐकायला मिळालं तर माझ्या शास्त्राची चार पुस्तकं मी बाजूला ठेवीन.

आपल्या विटा भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. गलाईवाल्याला विचारा. सोनं किती निघालं याच्या बरोबरीनं तो घट किती आली तेही सांगेल, मुशीत काय जळालं ते सांगेल. संगीतकाराला आपण घट कधी विचारतच नाही.

तर तो मुलगा. मी त्याला पुन्हा बोलावून घेतला. म्हटलं, त्या तीन आठवड्यांत तू करतोस काय ते दाखव. त्यानं लाजत मोबाइल काढला. एकाच कवितेच्या सतरा चाली मुद्रित केलेल्या, तारखेसकट. पहिली दोन मिनिटांत केलेली होती, हे तो विसरूनच गेला होता! म्हणजे त्यालाही ती लगेचच सुचली होती. फक्त त्याला ती पुरेशी वाटली नाही. चौथ्या चालीत त्यानं तिसऱ्या ओळीचा शेवट खाली आणला होता, कारण “तिथं ती बाई कुणाला सांगत नाही सर, स्वतःशीच बोलते.” नवव्या चालीत ठेका बदलला होता. बाराव्यात पुन्हा जुना घेतला होता. दोन तास आम्ही ऐकत बसलो. चहा दोनदा झाला.

मला अकरावी आवडली. तो म्हणतो, सर, चौथीच बरोबर आहे, पण शेवटच्या कडव्यात ती अडते. अजून अडलेलीच आहे.

थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.