‘वासा’ जहाज व विद्वानांच्या परिषदा

एखाद्या दूरच्या शहरीं निरनिराळ्या देशांतील विद्वान व पदार्थसंग्रहालयांचे चालक जमले, त्यांनीं चार दिवस जुन्या जहाजांविषयीं निबंध वाचले व चर्चा केली, अशी वार्ता वर्तमानपत्रांत आली म्हणजे सामान्य वाचक ती वाचून पान उलटतो. मोडक्या जहाजांविषयीं इतका खल कशाला करावयाचा, व त्यापासून कोणाचें काय हित होणार, अशी शंका मनांत येणें स्वाभाविक आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांतही ती येत असेल. या शंकेचें निरसन कोरड्या विवेचनानें करण्यापेक्षां एका जहाजाची हकीकत सांगून करावें, हें आम्हांस अधिक बरें वाटतें. कारण हें जहाज एकदां अनेकांचें ज्ञान एकत्र न आल्यामुळें बुडालें, आणि पुढें अनेकांचें ज्ञान एकत्र आल्यामुळेंच वांचलें.

या जहाजाचें नांव ‘वासा’. आपल्याकडे वासा म्हणजे घराच्या छपराचें लांकूड; परंतु या ठिकाणीं वासा हें स्वीडन देशाच्या त्या वेळच्या राजघराण्याचें नांव आहे. सतराव्या शतकांत राजा गुस्ताव अडॉल्फ पोलंडशीं लढत होता. बाल्टिक समुद्रावर आपला दरारा बसावा म्हणून त्यानें स्टॉकहोम येथें हें लढाऊ जहाज बांधविलें. ओक वृक्षाच्या लांकडाचें हें जहाज नाळेपुढें निघालेल्या काठीसह ६९ मीटर लांब होतें. त्यावर तोफांचे दोन मजले असून एकंदर ६४ तोफा होत्या. आणि सिंहांच्या, राजांच्या व योद्ध्यांच्या शेंकडों रंगीत कोरीव मूर्तींनीं तें शृंगारलेलें होतें. १० ऑगस्ट १६२८ रोजीं तें आपल्या पहिल्या सफरीस निघालें. जेमतेम १३०० मीटर गेलें असेल, इतक्यांत वाऱ्याचा एक झोत आला, जहाज डाव्या अंगास कललें, खालच्या मजल्यावरील तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आंत शिरलें, आणि किनाऱ्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत तें तळाशीं गेलें. सुमारें ३० माणसें मृत्यु पावलीं.

असें कां झालें? जहाजाचा पाण्यावरचा भाग पाण्याखालच्या भागाच्या मानानें फार जड झाला होता. कडब्याच्या पेंढ्या बेताबाहेर उंच रचलेली बैलगाडी उतारावर कशी कलंडते, हें आमच्या खेड्यांतील मुलांस सांगावयास नको. पण याहून विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. निघण्यापूर्वीं या जहाजाची परीक्षा घेण्यांत आली होती. ३० खलाशांस एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धांवावयास लाविलें. तेव्हां जहाज इतकें डोलूं लागलें कीं, तीन खेपांनंतर ॲडमिरल क्लास फ्लेमिंग यानें ती परीक्षाच थांबविली. धोका दिसला, पण त्यावरून सफर थांबली नाहीं. राजा परदेशीं युद्धांत गुंतला होता व त्यास जहाज लवकर हवें होतें. मुख्य कारागीर हेन्रिक हिबर्टसन हा जहाज पुरें होण्यापूर्वींच, १६२७ सालीं, मरण पावला होता. पुढें जहाज वर काढल्यावर त्यांत सुतारांच्या मोजपट्ट्या सांपडल्या. त्यांपैकीं कांहीं बारा इंचांच्या स्वीडिश फुटाच्या, तर कांहीं अकरा इंचांच्या ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या होत्या! एकाच जहाजावर काम करणाऱ्या कारागिरांच्या मापांचाच जेथें मेळ नाहीं, तेथें विचारांचा मेळ कोठून असणार? चौकशी झाली, परंतु दोष कोणावरच ठरला नाहीं. प्रत्येकास थोडेंथोडें ठाऊक होतें. सर्व ठाऊक असलेला मात्र कोणीच नव्हता.

सतराव्या शतकांतच, १६६४ व १६६५ सालीं, पाणबुड्यांनीं घंटेच्या आकाराच्या भांड्यांत उभें राहून, त्यांत कोंडलेल्या हवेवर श्वास घेत, पन्नासांवर तोफा वर काढल्या. त्यानंतर लोक जहाजास विसरले. तें मात्र ३२ मीटर खोल पाण्यांत उभेंच राहिलें. आपल्या कोंकणच्या नाखव्यांस लांकूड पोखरणाऱ्या समुद्रांतील किड्याचा उपद्रव चांगला परिचित आहे. बाल्टिक समुद्राचें पाणी अगदींच कमी खारट असल्यामुळें तेथें हा किडा जगत नाहीं. म्हणून इतर समुद्रांत कांहीं दशकांत फस्त झालें असतें तें लांकूड येथें तीन शतकें टिकलें.

१९५६ सालीं अँडर्स फ्रान्झेन नांवाच्या एका संशोधकानें जुनीं दफ्तरें चाळून व बंदराचा तळ धुंडाळून या जहाजाचा पत्ता लाविला. त्यानें स्वतः बनविलेलें एक टोंकदार अवजार दोरीनें खालीं सोडलें, तेव्हां त्यांत काळ्या पडलेल्या ओकाचा एक तुकडा वर आला. मग पाणबुड्यांनीं चिखलांत, अंधारांत, जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे खणले. त्यांतून पोलादी दोर ओंवून जहाज थोडथोडें उचलीत उथळ पाण्यांत आणिलें. आणि २४ एप्रिल १९६१ रोजीं, ३३३ वर्षांनीं, ‘वासा’नें पुन्हां उजेड पाहिला.

सामान्य समजूत अशी कीं, जहाज वर आलें, आतां काम संपलें. खरें काम येथून सुरू झालें. शेंकडों वर्षें पाण्यांत राहिलेल्या लांकडाचा आंतील कस झिजून जातो, व त्याची जागा पाणी घेतें. तें लांकूड वरून धड दिसतें खरें. पण त्यास आंतून आधार काय तो पाण्याचाच. असें लांकूड उन्हावाऱ्यांत वाळूं दिलें तर पाणी उडून जातें, आंतील पोकळ्या मिटतात, आणि लांकूड आक्रसून, पिळवटून, तडकून जातें. तेव्हां पाण्याची जागा दुसऱ्या कशानें तरी भरून काढली पाहिजे. यासाठीं पॉलिइथिलीन ग्लायकॉल नांवाचा, पाण्यांत विरघळणारा मेणासारखा पदार्थ योजण्यांत आला. या पदार्थाचे फवारे जहाजावर १९६२ पासून १९७९ पर्यंत, म्हणजे १७ वर्षें, मारीत राहिले! त्यानंतर आणखी नऊ वर्षें तें हळूहळू वाळविण्यांत गेलीं. १९९० सालीं त्याच्यासाठीं खास बांधलेलें संग्रहालय लोकांस खुलें झालें. ज्यांनीं तरुणपणीं फवाऱ्याची नळी हातीं धरली, त्यांचे केस पिकले तेव्हां कोठें तें लांकूड वाळलें, असें म्हटलें तरी चालेल.

इतक्या मोठ्या जहाजावर असा उपचार पूर्वीं कोणीं केलेला नव्हता. त्याचा तयार ग्रंथ कोठेंच नव्हता. आणि हीच अडचण इतर देशांपुढेंही उभी राहूं लागली. १९६२ सालीं जर्मनींत ब्रेमेन येथें नदीच्या गाळांत सुमारें १३८० सालचें एक व्यापारी जहाज सांपडलें. १५४५ सालीं बुडालेलें इंग्लंडचें ‘मेरी रोझ’ १९८२ सालीं वर काढण्यांत आलें. प्रत्येकानें आपापल्या अंधारांत चांचपडावें, आणि एकाच चुकीची किंमत प्रत्येकानें निरनिराळी भरावी, यापेक्षां एकत्र बसून अनुभव सांगावे, हें शहाणपणाचें ठरलें. १९७२ सालीं जगांतील सागरी संग्रहालयांनीं आपली एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापिली. १९७६ सालीं इंग्लंडांत ग्रीनिच येथें जुन्या नौकांच्या अभ्यासकांची परिषद भरली, व तेव्हांपासून ती देशोदेशीं भरत आली आहे. १९८१ सालीं कॅनडांतील ओटावा येथें केवळ पाण्यानें भिजलेल्या प्राचीन लांकडाचा विचार करण्यासाठीं तज्ज्ञ जमले. आपल्या देशांतही १९८७ सालीं जामनगर येथें हिंदी महासागराभोंवतालच्या देशांतील सागरी पुरातत्त्वावर परिषद भरली होती. समुद्रतळाच्या अशा शोधांत गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें आपल्या देशांत पुढाकार घेतला आहे.

अशा परिषदेंत इतिहासकार असतो, तसा रसायनशास्त्रज्ञ असतो. सुतारकामाचा जाणता असतो, तसा पाणबुड्याही असतो. इतिहासकार जुन्या कागदांवरून सांगतो कीं जहाजावर काय होतें. पाणबुड्या सांगतो कीं त्यास प्रत्यक्ष काय सांपडलें. आणि दोघांचें जमत नाहीं तेथें नवा शोध जन्मास येतो. जो आपला फसलेला प्रयोग उघडपणें मांडतो, त्याचे आभार सर्वांत अधिक मानावे लागतात; कारण त्याच्यामुळें दुसऱ्याचें जहाज वांचतें.

यांत अतिशयोक्ति नाहीं, हें पुढील हकीकतीवरून दिसेल. २००० सालचा उन्हाळा स्टॉकहोममध्यें फार पावसाळी गेला. ओले कपडे घालून आलेल्या प्रेक्षकांमुळें संग्रहालयांतील हवा दमट झाली, आणि जहाजाच्या लांकडावर ठिकठिकाणीं पांढरेपिंवळे क्षार फुटूं लागले. तपासाअंतीं असें आढळलें कीं, बंदराच्या घाण पाण्यांत सूक्ष्म जंतूंनीं उत्पन्न केलेला हायड्रोजन सल्फाइड (ज्यास प्रयोगशाळेंत कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तोच वायु) शतकानुशतकें लांकडांत मुरला होता, व त्याचें गंधक तेथें सांठलें होतें. आतां हवेचा संसर्ग होऊन त्याचें गंधकाम्ल होऊं लागलें होतें. गंजलेलें लोखंड ही क्रिया आणखी वाढवीत होतें. म्हणजे जहाजाचा शत्रु त्याच्या अंगांतच दडून बसला होता!

२००२ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. इतर संग्रहालयांनींही आपापलीं लांकडें तपासलीं, तों ‘मेरी रोझ’ जहाजांत, तसेंच १६२९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फुटलेल्या ‘बटाव्हिया’ जहाजाच्या लांकडांतही तेंच गंधक असल्याचें दिसून आलें. एकाच्या दुखण्यावरून दुसऱ्यांस आपलें दुखणें वेळींच कळलें. स्टॉकहोम येथें हवेचा दमटपणा स्थिर ठेवणारी नवी यंत्रणा बसविण्यांत आली, आणि २०११ पासून २०१८ पर्यंत जहाजांतील पांच हजारांवर लोखंडी खिळे काढून त्यांच्या जागीं न गंजणाऱ्या पोलादाचे बसविले. तें काम एकदांचें संपलें असें नाहीं. त्या जहाजाची शुश्रूषा अखंड चालूच ठेवावी लागणार आहे.

वाचक म्हणतील, हें सर्व परक्या देशांचें झालें. आमचा याच्याशीं काय संबंध? तर तो संबंधही आहे, आणि तो अभिमानाचा तसाच खेदाचाही आहे. इंग्लंडांत हार्टलपूल येथें ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें जुनें लढाऊ जहाज जतन केलेलें आहे. तें मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी कारागिरानें मलबारच्या सागवानाचें बांधिलें, व १८१७ सालीं तें पाण्यांत सोडण्यांत आलें. १९९० पासून २००१ पर्यंत त्याची डागडुजी चालली, आणि दोनशें वर्षें उलटून गेलीं तरी मुंबईच्या हातांचें तें काम अजून पाण्यावर तरंगत आहे. दुसरी हकीकत ‘विक्रांत’ची. ‘वासा’ समुद्रांतून वर आलें त्याच १९६१ सालीं ही आपली पहिली विमानवाहू नौका नौदलांत दाखल झाली. १९९७ सालीं ती निवृत्त झाल्यावर २००१ पासून मुंबईस तिच्यावरच संग्रहालय होतें, व कित्येक शाळांचीं मुलें तें पाहून आलीं. पण तिची प्रकृति ढांसळली, २०१२ सालीं सुरक्षिततेच्या कारणास्तव तें बंद झालें, आणि २०१४ सालीं ती नौका मोडींत निघाली. मुंबईनें बांधलेलें लांकडी जहाज परक्या बंदरांत वांचलें, आणि आपली लोखंडी नौका आपल्याच बंदरांत वांचली नाहीं! यांत कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. जहाज ठेवावें अशी इच्छा पुष्कळांस होती. पण जतन करणें हें केवळ इच्छेचें काम नव्हे. त्यास द्रव्य लागतें, विद्या लागते, आणि पिढ्यान् पिढ्या टिकणारी चिकाटी लागते.

यावरून आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें. वर्गांत इतिहासाचा तास निराळा व रसायनशास्त्राचा निराळा असतो. पण त्या जहाजाजवळ ते दोन्ही तास एक होतात. ज्यास इतिहास आवडतो त्यानें शास्त्राचा कंटाळा करूं नये, व ज्यास हातानें काम करण्याची आवड आहे त्यानें पुस्तकास परकें मानूं नये. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांस संग्रहालय दाखवावयास न्याल तेव्हां घाईघाईनें एक फेरी मारून परतूं नका. एखाद्या जुन्या वस्तूपुढें थोडें थांबा, आणि ती आजपर्यंत कोणीं, कशी व किती श्रमानें राखली असेल, असें मुलांस विचारा. उत्तर येवो वा न येवो. प्रश्न एकदां मनांत रुजला म्हणजे उत्तर शोधणारा पुढें त्यांतूनच तयार होतो.